इंग्रजीचे ‘सी-वन’ प्रमाणपत्र आणि झालेली फसवणूक

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करण्याच्या तयारीत असलेल्या भगिनींसाठी हा अनुभव लिहीत आहे, कारण इंग्रजीच्या ज्या खासगी शिकवणी वर्गाने मला फसवले त्याची जाहिरात रुग्णालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर आजही फिरते आहे.

‘वैद्यकीय क्षेत्रासाठी प्रगत इंग्रजी, सी-वन स्तराच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासह’ अशी ती जाहिरात होती. चौकशीला गेले तेव्हा संचालकांनी, “सिस्टर, आमचं प्रमाणपत्र असलं की वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही,” असे छातीठोकपणे सांगितले आणि ४५,००० रुपये दोन हप्त्यांत घेतले. पावतीवर मात्र केवळ ‘नोंदणी शुल्क’ असे लिहिले. अभ्यासक्रमाचा आणि प्रमाणपत्राचा उल्लेख कुठेच नव्हता.

शिकवण्याच्या नावाखाली अवघड जोडशब्दांच्या याद्या आणि निबंधांचे ठरावीक साचे पाठ करून घेतले जात. ब्रिटनमधील नोंदणीसाठी चालणाऱ्या ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत परिचारिकांना खरे तर रुग्णाच्या टिपणांवरून १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते आणि त्यासाठी वाचनाच्या ५ मिनिटांसह ४५ मिनिटे मिळतात. रुग्णाला घरी सोडल्यानंतर जी परिचारिका त्याची जखम पाहणार आहे, तिला ड्रेसिंग, औषधांची मात्रा आणि ॲलर्जी कळणे आवश्यक असते. दहा वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा तिला बहुधा उपयोग नसतो. काय घ्यायचे आणि काय गाळायचे याची ही पारख म्हणजेच व्यावसायिक इंग्रजी, असे माझे ठाम मत आहे, आणि तिचा एकही धडा त्या वर्गात झाला नाही.

शेवटी सोनेरी कडा, पृथ्वीच्या गोलाचे चित्र आणि क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र हाती आले. कोड स्कॅन केल्यावर त्याच वर्गाचे संकेतस्थळ उघडले. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचे नियम वाचले, तेव्हा इंग्रजीची चाचणी म्हणून तेथे आयईएलटीएस ॲकॅडमिक ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा आणि ओईटी या दोनच परीक्षा ग्राह्य धरल्या जातात, हे स्पष्ट झाले. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत ७, तर लेखनात ६.५ गुण लागतात. ‘सी-वन’ हा युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाप्रावीण्याच्या सहा स्तरांच्या मोजपट्टीतील एक प्रगत स्तर आहे; परिषद स्वतः परीक्षा घेत नाही आणि कोणाच्या प्रमाणपत्राला मान्यताही देत नाही, त्यामुळे ही अक्षरे कोणीही कागदावर छापू शकतो.

जाब विचारल्यावर संचालकांनी आधी कानांवर हात ठेवले आणि नंतर दीड लाखात परीक्षेला न बसता आयईएलटीएसचा निकाल ‘मिळवून देण्याची’ तयारी दाखवली. असा निकाल घेण्याचा विचारही कोणी करू नये. निकालपत्रावरील क्रमांकावरून संबंधित संस्था तो थेट पडताळतात, आणि बनावट निकाल सादर केल्याचे उघड झाले तर नोंदणीचा मार्गच बंद होऊ शकतो.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, हप्त्यांच्या यूपीआय नोंदी आणि “वेगळी परीक्षा नको” असे सांगणारा संचालकांचा व्हॉइस मेसेज जपून ठेवल्यामुळे पावतीवर जे लिहिले नव्हते ते दाखवता आले. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यासाठी कागदपत्रे तयार करीत आहे, आणि त्याच वर्गात पैसे भरलेल्या भगिनींनी आपापल्या पावत्या घेऊन या तक्रारीत सामील व्हावे, अशी माझी विनंती आहे.