डॅलस की उपनगर? फायरफायटर होणाऱ्या भाच्याच्या पेन्शनचा हिशोब

भाचा टेक्सासमध्येच वाढलेला, फायरफायटर व्हायचंय म्हणतो, आणि डॅलस शहरात लागायचं की फ्रिस्को-प्लेनोसारख्या उपनगरात यावरून ताईच्या घरी रोज काथ्याकूट चालूये. सगळे पगार बघतायत. मी म्हटलं पगार राहू दे, पेन्शनमध्ये शहर पैसे कसे टाकतं ते बघा आधी.

डॅलसमध्ये पोलीस आणि फायर दोघांचा मिळून एकच फंड आहे, आपल्याकडच्या जुन्या पेन्शनसारखा, म्हणजे फॉर्म्युला ठरलेला. नोकरीच्या प्रत्येक वर्षाचे २.५ टक्के, सगळ्यात जास्त पगाराच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर. २५ वर्षं केली की ६२.५ टक्के. ऐकायला झकास, पण पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी आणि पगारातून १३.५ टक्के कटतात, महिना ६००० डॉलर धरले तर ८१० गेले. शहराचा वाटा २०१७ च्या कायद्याने ३४.५ टक्के ठरवला होता, केवढा मोठा ना! पण त्यातला बराचसा फंडातला जुना खड्डा, म्हणजे तूट, बुजवण्यातच जातो.

हा खड्डा पडला कसा तर ड्रॉप नावाची स्कीम होती, रिटायर व्हायची वेळ झालेला माणूस कामावर राहायचा आणि त्याची पेन्शन खात्यात साठत जायची, वर ८ टक्के किंवा जास्तच गॅरंटीड व्याज. फंडाने मात्र पैसा कसल्याकसल्या रिअल इस्टेटमध्ये घातलेला. डाउनटाउनमधला म्युझियम टॉवर त्यातलाच, ज्याच्या काचांची तिरीप शेजारच्या नॅशर शिल्पसंग्रहालयात जायची आणि त्यावरून भांडण पेटलं होतं. २०१६ मध्ये लोक घाबरून पैसे काढायला लागले, काही महिन्यांत ५० कोटी डॉलरच्या वर गेले, डिसेंबरात फंडाच्या बोर्डाने ड्रॉपमधले पैसे काढू देणंच थांबवलं. २०१७ च्या कायद्याने पेन्शनची वार्षिक वाढही गोठवली, फंड ७० टक्के भरेपर्यंत, म्हणजे द्यायच्या पेन्शनच्या ७० टक्के पैसे जमेपर्यंत नाही. २०२४ मध्ये तो निम्मासुद्धा भरलेला नव्हता, मग कौन्सिलने ३० वर्षांत सुमारे ११ अब्ज डॉलर टाकायचा प्लॅन मंजूर केला आणि त्यावरूनही शहर आणि बोर्ड भांडलेच.

उपनगरांचं वेगळं. ती बहुतेक टीएमआरएसमध्ये (टेक्सास म्युनिसिपल रिटायरमेंट सिस्टीम), १९४७ पासूनची राज्यभरातल्या गावांची पेन्शन सिस्टीम. गाव स्वतःचे दर निवडतं, बऱ्याच ठिकाणी तुमचे ७ टक्के आणि रिटायर होताना गावाकडून त्याच्या दुप्पट. म्हणजे ६००० वर तुमचे ४२०, गावाचे ८४०. खात्यावर कायद्याने ५ टक्के व्याज, जमलेल्या रकमेतून आयुष्यभर पेन्शन, आणि बहुतेक गावांत २० वर्षं झाली की कुठल्याही वयात निघता येतं. गोची एकच, मधेच सोडून पैसे काढून घेतले तर फक्त स्वतःचे आणि व्याज, गावाची दुप्पट विसरा. वार्षिक वाढ द्यायची की नाही तेही गावाच्या मर्जीवर.

माझ्या मते खरा फरक इथे आहे, टीएमआरएसमध्ये दरवर्षी हिशोब करून गावाला आकडा कळवतात आणि तो पूर्ण भरावाच लागतो. डॅलसमध्ये इतकी वर्षं टक्केवारी नियमात लिहिलेली होती, त्यामुळे सगळे नियमाप्रमाणे भरत राहिले आणि तूट वाढत गेली!

सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारची पेन्शन, ती पण विचारून घ्या. डॅलसचे फायरफायटर त्यात नाहीत, उपनगरांत गावागणिक वेगळं. आधी दुसरीकडे नोकरी केली असेल तर अशा पेन्शनमुळे सोशल सिक्युरिटीला कात्री लागायची, ती जानेवारी २०२५ च्या कायद्याने गेली.

मी उपनगरच म्हणालो. भाचा म्हणतो, मामा, मोठ्या शहरात कॉल जास्त येतात, शिकायला मिळतं. बरोबर आहे त्याचं, तिशीही न गाठलेल्या पोराला ५८ कुठे दिसणार. मग म्हटलं जा डॅलसला, पण पहिल्या पगारापासून स्वतःचं ४५७ खातं (सरकारी नोकरांचं रिटायरमेंट बचत खातं) उघड, थोडे थोडे टाक, त्या पैशाला बोर्ड हात लावू शकत नाही.