मागच्या चाकांचे ‘इम्पोर्टेड’ रॉड: जुन्या गाडीवाल्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा

ज्यांच्या दारात स्टँडर्ड हेरल्ड उभी आहे, ज्यांच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे किंवा जे अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागच्या सस्पेन्शनला ‘अ‍ॅडजस्टेबल रेडियस रॉड’ बसवून देतो असं सांगून सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्याकडून ३४,५०० रुपये घेतले. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग याचा आहे की त्यानं बसवलेल्या लोखंडावर माझी बायको आणि मुलगी बसून तुळजापूरचा घाट उतरल्या.

माझी गाडी हेरल्ड, वडिलांनी घेतलेली. इंग्लंडच्या ट्रायम्फची ही गाडी साठच्या दशकात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं आपल्याकडे बनवली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. देखणं रूप इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्ती यांनी दिलेलं. याच हेरल्डच्या चॅसीवरून, ती आखूड करून, १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली. त्यामुळे दोन्ही गाड्यांचं मागचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं, आणि स्पिटफायरसाठी म्हणून विकले जाणारे भाग हेरल्डवाल्यांच्याही गळ्यात मारले जातात.

हे सस्पेन्शन नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या डोक्यावर आडवा कमानपाटा असतो आणि त्याची दोन टोकं दोन चाकांना धरून असतात. प्रत्येक चाक आपल्या अ‍ॅक्सलसकट वरखाली झुलतं. झुलताना ते पुढेमागे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रेडियस रॉड असतो: एक टोक चाकाकडे, दुसरं पुढच्या ब्रॅकेटमध्ये. रॉडची लांबी बदलली की चाकाचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळतं, म्हणजे टो बदलतो. कंपनीनं यासाठी ब्रॅकेटमागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायची सोय ठेवलेली आहे. अ‍ॅडजस्टेबल रॉड तेच काम शिमशिवाय करतो. यापलीकडे तो काही करत नाही.

चाक वरून आत किंवा बाहेर कलणं, म्हणजे कॅम्बर, हा कमानपाट्याचा विषय. पाटा जुना झाला, दबला की चाकं फाकतात, म्हणजे वरून आत कलतात. वेगात वळण घेताना एकदम अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडीची पाठ उचलली जाते आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला बघतं. हा या रचनेचा जन्मजात दोष, आणि तो कंपन्यांनाही ठाऊक होता. ट्रायम्फनं १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये त्यासाठी पाट्याचीच बांधणी बदलली. मद्रासच्या कंपनीनं तर पुढच्या गॅझेल गाडीत हे झुलतं अ‍ॅक्सल काढून सरळ अखंड अ‍ॅक्सल टाकला. दोघांपैकी कुणीही रॉडची लांबी बदलून हा दोष काढला नाही, कारण तसा तो निघतच नाही.

माझ्या गाडीची मागची चाकं फाकली होती आणि टायर आतून खात होतं. गॅरेजवाल्यानं वाकून एकदा पाहिलं आणि म्हणाला, “दादा, रेडियस रॉड गेलेत तुमचे. अ‍ॅडजस्टेबल टाकू, चाक कसं सरळ हुतंय बघा. इंग्लंडचा माल हाय, पुण्यात आपल्या माणसाकडं आलाय.” चाक सरळ होईल हे वाक्य त्यानं मला मेसेजवरही लिहून पाठवलं. ते माझ्याकडे आहे, आणि आता तेच कामाला येतंय.

माल आला तो फोममध्ये, छान खोक्यात, वर इंग्लंडच्या झेंड्याचं स्टिकर. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठेच नव्हता. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि मालाचा देश छापलेला असणं आपल्या वजन-मापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नसेल तर ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला काडीची किंमत नाही. बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ असं छापलेला कागद मिळाला, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. पैसे यूपीआयनं घेतले, तेही तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर.

काम झाल्यावर अलाइनमेंटची कॉम्प्युटर स्लिप हातात ठेवली. मागच्या दोन्ही चाकांचा टो शून्य, कॅम्बर शून्य, सगळे आकडे हिरव्या रंगात. घरी येऊन स्लिप नीट वाचली. वरच्या कोपऱ्यात गाडीचं मॉडेल म्हणून आजकालच्या एका हॅचबॅकचं नाव होतं. छापल्याची तारीख-वेळ त्या सकाळची होती जेव्हा माझी हेरल्ड अजून माझ्याच दारात उभी होती. दुसऱ्याच गाडीची स्लिप मला दिली होती! फोन केला तर म्हणे, “मशीनमध्ये जुन्या गाड्या नसतात, म्हणून जवळचं मॉडेल टाकतो.” वेळेबद्दल काहीच बोलला नाही.

मग विजापूर रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकावर मागून खट्ट असा आवाज यायला लागला. “नवीन बुश हाय, बसायला वेळ लागतंय,” हे उत्तर. बुश म्हणजे रॉडच्या टोकाच्या भोकातलं रबर. तुळजापूरहून परतताना घाटाच्या एका वळणावर गाडीची पाठ बाहेर सरकली. वेग फार नव्हता म्हणून सावरली. त्यानंतर त्यानं माझा फोन घेणं बंद केलं.

गाडी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका जुन्या टर्नरकाकांकडे नेली. काकांचं आयुष्य लूमचे पार्ट लेथवर काढण्यात गेलंय, आटे त्यांना बोटांनी कळतात. त्यांनी रॉड काढला, कानस घेऊन काळा रंग दोन-तीन हात मारून उतरवला, आणि आतून साध्या लोखंडी (एमएस) पाइपची जोडाची रेघ उघडी पडली. पाइपच्या टोकांना नट वेल्ड केलेले. एका नटाच्या वेल्डला केसाएवढी भेग, भेगेत गंज धरलेला. मग काकांनी दोन्ही टोकांत बोल्ट फिरवून दाखवला: दोन्हीकडे उजवे आटे. खऱ्या अ‍ॅडजस्टेबल रॉडला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, म्हणून मधला पाइप फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा बाहेर जातात. दोन्हीकडे उजवे आटे असले तर पाइप एकीकडे जेवढा आत शिरतो तेवढाच दुसरीकडून सुटतो आणि लांबी आहे तिथेच राहते. म्हणजे ‘अ‍ॅडजस्टेबल’ हा शब्दही खोटा. डाव्या रॉडला एका बाजूचा चेकनट, म्हणजे आटे हलू नयेत म्हणून आवळायचा नट, लावलेलाच नव्हता. तो खट्ट आवाज तिथला.

काकांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, स्टँडला सुती दोरा ताणून बांधला आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर पट्टीनं मोजलं. मागच्या दोन्ही चाकांची तोंडं डावीकडे वळलेली निघाली. म्हणजे मागची चाकं गाडीला सतत एका अंगाला ढकलत होती. स्लिपवर मात्र शून्य, शून्य. ही दोऱ्याची मोजणी कुणालाही घरी करता येते. फक्त जागा सपाट हवी आणि दोरे गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवेत. पैसे देण्याआधी गॅरेजवाल्यासमोर ती करा. तो घाई करू लागला तर पैसे देऊ नका.

आटेही तिथेच तपासा. चेकनट सैल करायला लावा, पाइप फिरवायला सांगा, लांबी बदलते का ते टेपनं बघा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. काम समोर उभं राहून बघू देत नसतील तर गाडी तशीच परत आणा. मला “आत धूळ हाय, बाहेर चहा घ्या” म्हणून बाहेर बसवलं होतं.

आता गाडी ठीक आहे. पुण्याच्या एका हेरल्डवाल्या सद्गृहस्थांनी त्यांच्याकडचे जादा मूळ रॉड दिले, नवे बुश घातले, टो शिमनंच जुळवला. चाकं फाकली होती त्याचा इलाज कमानपाट्याच्या कारागिरानं केला: पानं सुटी करून पाटा पुन्हा कमानीत आणला. या सगळ्याचा खर्च त्या खोट्या रॉडच्या निम्म्यापेक्षा कमी आला.

पैसे मागायला गेलो तेव्हा “वापरलेला माल परत हुत नाही” एवढंच ऐकवलं. मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी विचारपूस करायची असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. यूपीआयची नोंद, मेसेज, खोटी स्लिप, चिरलेल्या वेल्डचे फोटो आणि काकांनी मोजमापांसह लिहून दिलेला कागद मी जोडलाय. खोटे रॉड विकायला किंवा भंगारात द्यायला लोक सांगतात. मी ते जपून ठेवलेत, तोच पुरावा आहे.

माझे मूळ रॉड मात्र परत मिळाले नाहीत. “गंजले होते, भंगारात दिले” म्हणतो, पण ते गंजलेले नव्हते. हेरल्डचे मूळ रॉड आता दुकानात मिळत नाहीत, मालक ते एकमेकांकडून शोधत फिरतात, तेव्हा ते भंगाराच्या भावानं गेले असतील यावर माझा विश्वास नाही. डाव्या रॉडच्या पुढच्या डोळ्याजवळ (बोल्टच्या भोकाजवळ) पंचनं ठोकलेले तीन ठिपके एका ओळीत आहेत, वडिलांच्या हातचे. सोलापूर, पुणे, हैदराबाद कुठेही अशी खूण असलेली जोडी कुणी विकायला दाखवली, तर फोटो काढा, विकणारा कोण ते विचारून घ्या आणि मला कळवा.