पासपोर्ट रिन्यू करायला गेले आणि 45,639 रुपये गेले

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण दुबईत व्हायचं होतं. डॉक्टरांनी फेब्रुवारी 2024 च्या मध्याची तारीख दिली होती. आम्ही दोघांनी 12 फेब्रुवारीची विमानाची तिकिटं ऑक्टोबरमध्येच काढून ठेवली. अळीव, बाळंतशोपा, डिंक, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळ्याची यादी तयार होती. पासपोर्ट मात्र कुणी उघडूनही पाहिला नाही. दहा वर्षांचा आहे, कपाटात नीट ठेवलेला आहे, एवढंच डोक्यात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हिसासाठी पासपोर्टचे फोटो एजंटला पाठवले आणि अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "काकू, काकांचं ठीक आहे, पण तुमचा पासपोर्ट 10 जून 2024 ला संपतोय. तिकडे उतरता त्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. यावर व्हिसा टाकता येणार नाही."

माझे पुरते चार महिनेसुद्धा उरत नव्हते. पासपोर्टवर छापलेली शेवटची तारीख ही प्रवासाची शेवटची तारीख नसते, हे मला त्या दिवशी कळलं. दुबई, सिंगापूर, मलेशिया, सगळीकडे हा सहा महिन्यांचा नियम आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक लागतात, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. नियमात बसत नसेल तर विमान कंपनी इथेच विमानतळावर अडवते, तिकीट असो वा व्हिसा असो. मोठ्यांचा पासपोर्ट संपण्याआधी एक वर्षापासून नवा करून घेता येतो. म्हणजे मला जून 2023 पासून मुभा होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लेक एकटी, सासूबाई नाहीत, जावईबापूंना रजा मिळेल की नाही माहीत नाही. सकाळी चहा व्हायच्या आधीच मोबाईल घेऊन बसले आणि 'पासपोर्ट रिन्यूअल अर्जंट' असं टाकलं. पहिलं जे आलं ते उघडलं. वर तिरंग्याची पट्टी, अशोकस्तंभ, निळ्या पट्टीत 'पासपोर्ट सेवा'. त्या नावाच्या वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. हे मी नंतर पाहिलं. तेव्हा चष्मा डोळ्यावर होता, पण लक्ष लेकीकडे होतं.

फॉर्म अगदी सरकारी वाटावा असाच होता. वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, जुना पासपोर्ट नंबर. जुन्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, सगळ्याचे फोटो मागितले. मी दिले. शेवटी 2,499 रुपये भरा म्हणाले, तेही भरले. खरी फी छत्तीस पानी पासपोर्टला 1,500 रुपये आहे आणि तत्काळचे त्यावर 2,000 जास्त, म्हणजे 3,500. तिथं आकडा वेगळा दिसला तेव्हा मनाला वाटलं, वाढली असेल.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आता जे लिहिते आहे ते कृपया नीट वाचा, कारण मी इथे फसले. समोरचा मुलगा स्वच्छ मराठीत, अदबीनं बोलत होता. "मॅडम, पासपोर्ट ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या वडिलांचं नाव अमुक, जन्म वाई तालुक्यातला, जुन्या फायलीचा नंबर अमुक, बरोबर?" अक्षरन् अक्षर बरोबर. मी मनाशी म्हटलं, माझी सगळी फाईल याच्यासमोर उघडी आहे, हा ऑफिसचाच माणूस. ती फाईल आदल्या दिवशी मीच माझ्या हातानं त्यांना दिली होती. माझीच माहिती मला वाचून दाखवली आणि माझा विश्वास बसला.

त्यानं सांगितलं, नॉर्मलला दीड महिना लागेल, तत्काळमध्ये टाकतो, 4,500 भरा. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुठल्या कार्यालयाचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. हे विचारायला आत आले, यांनी पेपरातून डोकं वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कॅशियर असेल." मी बटण दाबलं. संध्याकाळी अपॉइंटमेंटचं पत्र आलं. 23 जानेवारी, सकाळी पावणेदहा, पासपोर्ट सेवा केंद्र, मुंढवा. पत्रावर माझा फोटोसुद्धा छापलेला.

आम्ही सासवडला राहतो. त्या दिवशी पहाटे निघालो, दिवे घाटात धुकं होतं, हडपसरच्या गर्दीतून वाट काढत नऊ वाजता मुंढव्याला पोचलो. रांगेत उभी राहिले. दारावरच्या माणसानं पत्र घेतलं, त्याच्या यादीत वरून खाली बोट फिरवलं, मग पुन्हा खालून वर फिरवलं. मशीनमध्ये नंबर टाकून पाहिला. मग पत्र माझ्या हातात परत देत हळूच म्हणाला, "मावशी, हा नंबर आपल्याकडचा नाही. पैसे कुठे भरलेत?" त्याचा आवाज अजून कानात आहे, कारण त्यात चिडचिड नव्हती. माझ्या आधी तिथून परत गेलेल्यांना त्यानं पाहिलेलं असणार.

तिथेच फाटकाबाहेर उभी राहून मी त्या मुलाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. "मॅडम, सर्व्हर अपडेटमुळे झालंय, टेन्शन घेऊ नका. लिंक पाठवतो, दहा रुपये भरा, लगेच रिकन्फर्म होतं, आत सोडतील." माझ्यामागे लोक एकेक करून आत जात होते, घड्याळात साडेनऊ वाजून गेलेले. मी कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले, ओटीपी आला तो टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती. मी फक्त सहा आकडे वाचले. पुढच्या मिनिटाला बँकेचा मेसेज, 38,640 रुपये वजा. माझ्या पेन्शनच्या खात्यातून.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी. मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून सांगत आले. त्या फाटकाशी मला रडू आवरेना.

शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं, कुठल्याशा कॉलेजची असावी, माझा फोन हातात घेतला आणि 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, तो मला माहीत नव्हता. त्यांनी व्यवहाराचे नंबर, वेळ, खातं विचारून तक्रार नोंदवली. मग बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. हे सगळं तासाभरात झालं, म्हणून 17,200 रुपये पुढच्या एका खात्यात अडकवता आले आणि बऱ्याच महिन्यांनी, अनेक हेलपाट्यांनी ते परत मिळाले. बाकीचे गेले. बँकेनं स्पष्ट सांगितलं, ओटीपी तुम्ही स्वतः टाकलात, कळवण्याआधी झालेलं नुकसान तुमचं. सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रारही दिली. म्हणून सांगते, लाज वाटून घरी जाऊन बसू नका. चहा नंतर प्या, आधी 1930.

पैशाचं दुःख आता ओसरलं आहे. कागदांची भीती मात्र अजून आहे. माझं आधार, पॅन आणि पासपोर्टची पानं कुणाकडे आहेत मला ठाऊक नाही. माझ्या नावानं कुणी कर्ज काढलं तर? आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं आहे, ते आधारच्या सरकारी ॲपवर फुकट होतं. आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत ते दाखवणारा क्रेडिट रिपोर्टही अधूनमधून तपासते, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. हे आयुष्यभर करत राहावं लागणार.

खरा अर्ज भाच्यानं समोर बसून करून दिला, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते मी तीनदा वाचून घेतलं. तिथे 'रिन्यू' हा शब्दच नाही, 'रि-इश्यू' आहे. नेहमीची फी अपॉइंटमेंट घेतानाच त्याच साइटवर भरायची, तत्काळचे जास्तीचे पैसे केंद्रातच काउंटरवर. त्यानंतर कुणीही फोन करून पैसे मागत नाही. मूळ कागद केंद्रात काउंटरवर दाखवायचे, फोटोसुद्धा तिथेच काढतात. पोलीस पडताळणीलाही पैसे नसतात. शंका असेल तर 1800-258-1800 हा पासपोर्ट सेवेचा टोल फ्री नंबर आहे. त्या खऱ्या साइटवरच खोट्या साइट्सबद्दल इशारा लिहिलेला आहे, पण मी तिथे पोचलेच नव्हते.

तत्काळची तारीख 5 फेब्रुवारीची मिळाली. त्याच दारावर तोच माणूस होता. या वेळी यादीत नाव सापडलं, त्यानं मान हलवून आत सोडलं. ए, बी, सी अशी तीन काउंटर झाली, जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून तो परत दिला आणि दोन दिवसांत नवा निघाल्याचा मेसेज आला.

9 तारखेला आणखी एक फोन. "स्पीड पोस्टचं पार्सल पत्ता अपुरा म्हणून अडकलंय, लिंकवर पाच रुपये भरा." माझे हात थरथरले, पण मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमचे नेहमीचे पोस्टमन दारात आले, ओळखपत्र पाहिलं, सही घेतली, पाकीट हातात दिलं. एक पैसा मागितला नाही.

पासपोर्टचा नंबर बदलला होता, त्यामुळे व्हिसाचा अर्ज नव्या नंबरावर पहिल्यापासून करावा लागला. 12 तारखेची तिकिटं बुडाली, आमची दोघांची. माझ्या लेकीला 16 तारखेला मुलगी झाली. मी तिच्याजवळ नव्हते. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, पैशाचं राहू दे, तू ये." आम्ही 20 तारखेला पोचलो तेव्हा बाळ चार दिवसांचं झालं होतं.

नातीचा पासपोर्ट पुढे दुबईतच काढला. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो. त्याची शेवटची तारीख मी माझ्या वहीत लिहिली आहे आणि तिच्याखाली लाल पेनानं, बरोबर एक वर्ष आधीची.