माडावर चढण्याचे यंत्र: उभे घ्यावे की बसके?

नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, ही तक्रार गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक भाटकाराच्या, म्हणजे माडांच्या भाटाच्या (बागेच्या) मालकाच्या, तोंडी आहे. जुने पाडेली वयाने थकले, त्यांच्या मुलांनी दुसऱ्या वाटा धरल्या, आणि गावात जो एखादा उरला आहे त्याची पाळी येईपर्यंत सुके नारळ आपणहून पडून ओहोळाला लागलेले असतात. या अडचणीवर तोडगा म्हणून माडावर चढण्याचे यंत्र आता शेती अवजारांच्या दुकानांतून सहज मिळते. फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या मिश्र बागेत, आणि शेजारच्या भाटांत या यंत्राचे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, नुसते नारळ उतरवायचे असतील तर उभ्याने चढण्याचे आणि माडाच्या शेंड्याची निगा राखायची असेल तर बसून चढण्याचे यंत्र घ्यावे. एकच यंत्र दोन्ही कामे सारख्याच सुखाने करील, या भरवशावर कोणी पैसे घालू नयेत.

उभ्या प्रकाराला सगळीकडे चेंबेरी यंत्र म्हणतात. केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने ते बनवले, आणि आज अनेक कारखाने त्याच धर्तीवर ते तयार करतात. त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात, एक डाव्या हातापायाचा आणि एक उजव्या. प्रत्येक भागाला वर मूठ, खाली पाय ठेवण्याची पट्टी आणि खोडाभोवती फिरवून आकड्यात अडकवायचा पोलादी तारेच्या दोराचा फास असतो. दोन्ही फास एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक वर आणि एक खाली राहील अशी रचना असते. पायावर भार पडला की चौकट किंचित कलते आणि फास खोडाला घट्ट आवळतो. भार काढून मूठ वर उचलली की तो सैल पडून वर सरकतो. डावा, उजवा, डावा, उजवा असे करत माणूस जिना चढावा तसा वर जातो. इंजीन नाही, पेट्रोल नाही, बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. माणसाचे वजन हीच त्याची शक्ती असल्यामुळे जितका भार अधिक तितकी पकड पक्की, आणि सगळ्या रचनेतली हीच गोष्ट मला सर्वांत हुशारीची वाटते.

शिकायला ते अवघड नाही. ज्याने जन्मात माडाला मिठी मारलेली नाही असा तरुणही योग्य माणसाच्या देखरेखीखाली काही दिवसांत आत्मविश्वासाने वर जाऊ लागतो. नारळ विकास मंडळाने 2011 साली 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या नावाने सहा दिवसांचे प्रशिक्षण सुरू केले ते याच यंत्राच्या आधारावर, आणि जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रातही असे वर्ग झालेले आहेत. त्या वर्गांत चढण्याबरोबर रोग आणि कीड ओळखणे, तयार नारळ आणि शहाळे यांतला फरक जाणणे या गोष्टीही शिकवतात. यंत्र विकत घेण्याआधी अशा वर्गाची चौकशी जरूर करावी. दुकानदार अंगणातल्या खांबावर दोन पावले चढून दाखवतो तेवढ्याला प्रशिक्षण समजू नये.

वर पोहोचेपर्यंत सगळे सोपे असते, आणि यंत्राची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. पाडेली पायात दोरीचा फास घालून चढतो, शेंड्याला पोहोचला की पानांच्या देठांत बसकण मारतो, पाठीमागच्या आकडीतून कोयता काढतो आणि हव्या त्या घडाकडे वळतो. चेंबेरी यंत्रावरचा माणूस घडांच्या खाली, खोडाला बांधल्यासारखा उभा राहतो. त्याला समोरचे घड नीट दिसतात, बाजूचे हाताला लागतात, पण खोडाच्या पलीकडच्या अंगाचे घड तोडायचे असतील तर दोन्ही भाग थोडे थोडे फिरवत स्वतः त्या बाजूला जावे लागते. एक हात मुठीवर ठेवण्याची सवय सुटत नसल्यामुळे कोयत्याचा घाव अर्ध्या ताकदीचा पडतो. तयार घडाचा देठ एका घावात तुटत नाही, दुसरा घाव पहिल्याच जागी बसत नाही, आणि अर्धवट तुटलेला घड लोंबत राहिला की तो कधी आणि कुठे पडेल याचा नेम राहत नाही. सरावाने हे जमते, नारळ निश्चितपणे खाली येतात, आणि महिना दीड महिना पाडेल्याची वाट पाहण्यापेक्षा ते पुष्कळच बरे. मात्र शेंडा साफ करणे हे या यंत्रावरून नेटके होत नाही.

शेंडा साफ करणे म्हणजे केवळ सुक्या झावळ्या ओढून काढणे नव्हे. गेंड्या भुंगा कोवळ्या कोंबात शिरून आतले पान कुरतडतो, आणि ते पान पुढे उलगडले की त्यावर कात्रीने कापावे तसे त्रिकोणी काप दिसतात. असा माड खालूनही ओळखता येतो, पण उपाय वर जाऊनच करावा लागतो. देठाच्या बेचक्यातले भोक शोधायचे, तोंडाशी चघळलेल्या तंतूंचा ओला चोथा दिसला तर आकडा असलेली तार आत घालून भुंगा ओढून काढायचा, आणि मग शेंड्याजवळच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंडीची भुकटी आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तार आणि नजर भोकावर अशी ही कामाची पद्धत असल्यामुळे तिला दोन्ही हात मोकळे लागतात. बसक्या यंत्राची किंमत इथे वसूल होते.

बसक्या प्रकारात खोडाला वेढणाऱ्या दोन चौकटी असतात. वरच्या चौकटीवर आसन, खालच्या चौकटीत पाय. आसनावर बसून पायांनी खालची चौकट वर ओढायची, मग तिच्यावर उभे राहून हातांनी वरची चौकट सरकवायची आणि पुन्हा बसायचे. चाल मंद आहे, यंत्र वजनदार आहे, आणि एका माडावरून काढून दुसऱ्याला लावायला वेळ लागतो. दिवसाकाठी बरेच माड उरकायचे असतील तर या यंत्राने जीव मेटाकुटीला येतो. परंतु वर पोहोचल्यावर माणूस चक्क बसलेला असतो, दोन्ही हात मोकळे असतात, पोटऱ्या थरथरत नाहीत आणि दहा मिनिटे एकाच बेचक्यात डोके घालून काम करता येते. आमच्या शेजारच्या वाड्यावरील एक काकू, ज्यांनी उभ्या यंत्राकडे पाहूनच नकार दिला होता, त्या बसक्या यंत्रावरून आपल्या परसातल्या माडांची साफसफाई स्वतः करतात. घरच्या मोजक्या माडांसाठी मी निःशंकपणे याचीच शिफारस करीन.

आता यंत्र कुठे निरुपयोगी ठरते ते सांगितले पाहिजे, कारण विक्रेते ते सांगत नाहीत. गोव्याच्या कुळागरात माड एकटा नसतो. त्याच्या खोडावर मिरीची वेल चढलेली असते, आणि तारेचा फास तिथून वर नेणे म्हणजे वेल सोलून काढणे होय. बांधावरचे वाकलेले माड हा दुसरा प्रश्न. खोडाच्या वरच्या अंगाने चढलो तर यंत्र धरते, पण शेंड्याजवळ कल बदलला की भार एका बाजूला जातो आणि पकडीचा विश्वास उरत नाही. सुरेसाठी (माडीसाठी) पूर्वी ज्या माडांवर पायरीच्या खाचा पाडल्या आहेत त्यांच्यावर फास खाचेच्या कडेला अडकतो आणि उतरताना त्रास देतो. बुंधा फुगीर असल्यामुळे सुरुवातीला फास मोठा ठेवावा लागतो आणि पुरुषभर उंचीवर गेल्यावर तो थांबून कमी करावा लागतो. ही पायरी कंटाळ्याने गाळणाऱ्या माणसाने वर जाऊच नये. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर यंत्र माळ्यावर ठेवलेले उत्तम. पोफळीसाठी तर हे यंत्र विचारातही घेऊ नये. तिथे हल्ली खालूनच सुपारी काढायची कार्बन फायबरची लांब दोटी (काठी) वापरतात, आणि ती हलकी व सोयीची असली तरी कार्बन फायबरमधून वीज वाहते, हे विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

सुरक्षेच्या बाबतीत माझा आग्रह टोकाचा वाटेल. यंत्राबरोबर बहुधा कमरेचा एक पट्टा मिळतो, आणि बहुतेक लोक त्यावर समाधान मानतात. कमरेच्या पट्ट्यावर माणूस लोंबकळला तर सगळा भार पोट आणि पाठीवर येतो आणि तो उलटाही होऊ शकतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा वेगळा घ्यावा, त्यावर आयएस 3521 हे भारतीय मानक छापलेले आहे का ते पाहावे, आणि खोडाभोवती फिरणारा सुरक्षा दोर यंत्राच्या फासापासून स्वतंत्र ठेवावा, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरील. नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही माडावर चढणाऱ्यांसाठीची अपघात विमा योजना आहे. मजुराकडून काम करून घेणाऱ्या भाटकाराने तिची माहिती काढून त्याचा हप्ता आपल्या खिशातून भरावा, असे मला वाटते.

खरेदी करताना रंगाकडे पाहू नये, तारेकडे पाहावे. एका दुकानातून आणलेल्या यंत्राच्या फासाचे टोक नीट दाबून बसवलेले नव्हते आणि पहिल्याच मोसमात तारेचे केस सुटू लागले. दुकानदाराने ती तार बदलून देण्याऐवजी त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याचा सल्ला दिला. तेव्हा विकत घेतानाच फासावर सुकलेला कापसाचा बोळा फिरवून पाहावा: तुटलेला एक केस जरी असेल तरी कापूस अडकतो. हीच तपासणी दर वेळी चढण्यापूर्वी करावी, कारण खाऱ्या हवेत तार आतून गंजते आणि बाहेरून चकचकीत दिसते. खोडाला टेकणारे रबर झिजले की पकड कमी होते, म्हणून रबराचा आणि तारेचा सुटा जोड मिळणार नसेल तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. मोटरसायकलच्या ब्रेकची तार बसवून काम भागवणारे महाभाग आमच्याकडे आहेत. त्यांच्या माडाखालून मी जात नाही.

उरला प्रश्न पाडेल्याचा. सराईत पाडेली यंत्रवाल्याचे फास लावून होईपर्यंत माडावरून उतरलेला असतो, आणि कोणता नारळ पाण्याचा, कोणता खोबऱ्याचा हे तो घडाला कोयत्याची पाठ लावून आवाजावरून सांगतो. असा माणूस तुमच्या गावात असेल आणि वेळेवर येत असेल, तर त्याला मागेल ती मजुरी द्यावी आणि यंत्राचा विचार तूर्त सोडून द्यावा. नसेल, आणि मोठ्या भाटात दर दीड-दोन महिन्यांनी नारळ उतरवायचे असतील, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक चेंबेरी आणि एक बसके यंत्र घ्यावे, पूर्ण अंगाचे पट्टे मात्र ज्याचे त्याने वेगळे ठेवावेत.