मकरपुऱ्याचे ऑटो-इलेक्ट्रिक वर्कशॉप: एबीएस मॉड्यूल बदलण्याआधी गाडी एकदा इथे दाखवावी

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर, पत्र्याच्या दोन शेड जोडून चालणाऱ्या या वर्कशॉपला धड नावही नाही. पाटीवर गुजरातीत ‘ऑटो इलेक्ट्रिक, सेल्फ, डायनेमो, बॅटरी’ एवढेच रंगवलेले आहे, आणि त्यातला डायनेमो आजच्या कोणत्या गाडीत सापडेल, हा प्रश्नच आहे. माझ्या गाडीच्या ज्या बिघाडासाठी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने 48,000 रुपयांचे अंदाजपत्रक हातात ठेवले होते, तो बिघाड येथे दीड दिवसात सापडला आणि 2,600 रुपयांत दुरुस्त झाला, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

बिघाड असा होता. सकाळी गाडी नीट सुरू होई, पण सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून जरा वेग घेताच एबीएसचा (ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि स्टिअरिंगचा दिवा एकदम लागे, वेगाचा काटा शून्यावर पडे आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येई. दिवे मात्र तसेच राहत. कोरड्या दिवशी हा प्रकार क्वचित घडे. पाऊस झाला की दांडिया बाजार गाठेपर्यंत दोनदा तरी ठरलेला. सर्व्हिस सेंटरमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, यू-0121 हा कोड निघाला, त्याचा अर्थ ‘एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असा वाचून दाखवण्यात आला आणि त्यावरून मॉड्यूल, म्हणजे त्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बदलावे लागेल असा निष्कर्ष काढण्यात आला. या सगळ्याला मिळून वीस मिनिटे लागली असतील.

या निष्कर्षातली गफलत मला नंतर कळली. आजच्या गाडीतली इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर यांची मॉड्यूल्स एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवर संदेश टाकत असतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडलेली ही कॅन पद्धत आता जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे. प्रत्येक मॉड्यूलने आपली माहिती ठरावीक अंतराने पाठवायची असते, आणि ती वेळेत आली नाही की वाट पाहणारे मॉड्यूल स्वतःच्या स्मृतीत ‘अमुकाशी संपर्क तुटला’ अशी नोंद करते. म्हणजे हा कोड लिहिणारा एक असतो आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो दुसराच. गैरहजर कोण, एवढेच त्यातून कळते. का गैरहजर, हे कळत नाही. त्या मॉड्यूलचा वीजपुरवठा तुटला असेल, अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत जाणारी जोडणी) कच्ची असेल, दोन तारांपैकी एखादी मध्येच तुटली असेल किंवा मॉड्यूल खरोखरच जळले असेल. नवा भाग घेण्याची वेळ फक्त शेवटच्या कारणाने येते.

वर्कशॉपचे मालक साठीच्या पुढचे आहेत. मी फोनवर घरी मराठीत बोलत असल्याचे ऐकून त्यांनी मराठीतच विचारले, “गाडी पाण्यात उभी होती का हो कधी?” होती. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरले तेव्हा गाडीची अर्धी चाके बुडाली होती. ही गोष्ट सर्व्हिस सेंटरमध्ये मला कोणी विचारली नव्हती आणि मीही आपणहून सांगितली नव्हती.

त्यांनी आधी बॅटरी तपासली. व्होल्टेज पडले की मॉड्यूल्स आपोआप गप्प होतात आणि असेच कोड साठतात, म्हणून सेल्फ मारताना ते कितीपर्यंत खाली जाते हे पाहिल्याशिवाय ते स्कॅनरला हात लावत नाहीत. बॅटरी ठीक निघाली. मग स्कॅनरवर सगळी मॉड्यूल्स एकेक करून उघडली, आणि कोण उत्तर देते व कोण कोणाविषयी तक्रार करते हे एका वहीच्या पानावर लिहून काढले. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर या तिघांचीही तक्रार एबीएसविषयीच होती, पण त्या क्षणी एबीएस स्वतः व्यवस्थित उत्तर देत होते. “मेलेला माणूस सकाळी उठून हजेरी देतो का?” एवढेच बोलून त्यांनी कोड उडवले आणि गाडी गल्लीत फिरवून आणली. चाके फिरू लागताच पुढून ‘घर्र’ असा बारीक आवाज आला आणि त्यासरशी दिवे लागले. गाडी सुरू केल्यावर पहिल्यांदा वेग घेताना एबीएस आपला पंप क्षणभर फिरवून स्वतःची चाचणी घेते. हा आवाज त्याचाच होता. पंप मोठा प्रवाह खेचतो तेव्हाच मॉड्यूल बेशुद्ध पडते, म्हणजे संशय तारांपेक्षा पुरवठ्यावर जातो.

तरी त्यांनी संदेशाच्या तारा तपासायच्या सोडल्या नाहीत. स्कॅनर जोडायच्या, स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 या दोन पिना कॅनच्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, थोडे थांबून, त्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटर लावला तेव्हा 60 ओहम आले. या तारांच्या जाळ्याच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो आणि दोन्ही शाबूत असले की मिळून 60 भरतात. 120 आले असते तर एक टोक तुटलेले, आणि शून्याजवळ आले असते तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. बॅटरी जोडून पाहता एका तारेवर अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि दुसरीवर किंचित खाली, असे जसे हवे तसेच आकडे दिसले. म्हणजे संदेशांचा रस्ता ठीक होता.

यानंतरची चाचणी मला सर्वांत आवडली. त्यांनी एबीएसचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला आणि पुरवठ्याच्या व अर्थच्या पिनांमध्ये मल्टीमीटर धरला, तर 12.4 व्होल्ट. कोणीही म्हणेल, पुरवठा चोख आहे. मग त्याच दोन पिनांना हेडलाइटचा जुना हॅलोजन बल्ब जोडला, तर तो समईच्या वातीइतका पिवळट पेटला. बल्बची अर्थ थेट बॅटरीला लावताच डोळे दिपले. मल्टीमीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे तारेचा एखादा तंतू शिल्लक असला तरी तो 12 व्होल्ट दाखवतो. बल्बला भरपूर प्रवाह लागतो, म्हणून त्याच्यापुढे कच्ची अर्थ उघडी पडते. बल्ब पेटता ठेवून अर्थची पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यात मोजले, तर तिथे 7 व्होल्टच्या वर वाया जात होते.

डाव्या हेडलाइटखाली, बंपरच्या आड, त्या अर्थचा बोल्ट सापडला. पंपाची आणि मॉड्यूलची अर्थ एकाच थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीत, होती. वरून सगळे जागच्या जागी दिसत होते, पण वायरचे रबर बोटभर सोलताच आतले तांबे हिरवे आणि भुसभुशीत निघाले. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, अगदी तो रंग. पुराचे पाणी थिंबलच्या तोंडातून वायरमध्ये चढले होते आणि इतके महिने आतल्या आत काम करत होते. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापून, नवा तुकडा जोडून, नवे थिंबल दाबून, बोल्टखालचा रंग खरवडून आणि वर व्हॅसलीन लावून ती बसवली. पुन्हा बल्ब लावून मोजले तेव्हा 0.06 व्होल्ट आले. त्यानंतर एक संपूर्ण पावसाळा गेला, दिवा लागलेला नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. बसायला एक डुगडुगते स्टूल आहे आणि मालक कामात असताना प्रश्न विचारलेले त्यांना आवडत नाहीत. बिल हाताने लिहिलेले मिळते, आणि तेही मागितल्यावर. दुरुस्ती करा अगर करू नका, तपासणीचे 1,500 रुपये आधी ठरवून घेतात. काहींना हे जाचक वाटते असे ऐकले, मला मात्र ते रास्त वाटते, कारण तपासणी फुकट करणाऱ्याला आपली मेहनत शेवटी भाग विकूनच वसूल करावी लागते. पुरात भिजलेल्या गाडीचे बाकीचे अर्थ-बोल्ट त्यांनी आपणहून पाहायला हवे होते, ते मी म्हटल्यावर पाहिले आणि मागच्या दिव्याजवळचा एक तसाच निघाला. त्यांच्याकडे ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेवरच्या संदेशाचा आलेख दाखवणारे यंत्र, नाही. तारांवरच्या संदेशातच गडबड असेल तर नुसत्या मल्टीमीटरने ती दिसत नाही, आणि अशी गाडी ते घेतही नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. युरोपीय महागड्या गाड्यांनाही ते हात जोडतात.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे आणि बिघाड नेमका कधी होतो, म्हणजे थंड गाडीत की तापल्यावर, पावसात की खड्ड्यात, हे लिहून न्यावे. वाटेत कोणाकडून कोड उडवून मात्र जाऊ नये. माझ्यासमोर एका गृहस्थांनी तसे केले होते, त्यांना मालकांनी, “दिवा पुन्हा लागला की या,” असे सांगून गाडीचे बॉनेटही न उघडता परत पाठवले.