उतारवयातील देखभालीसाठी ब्रिटनमध्ये कोठे राहावे : इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील पहिली पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे. मुले एडिनबरा, कार्डिफ किंवा लंडनच्या उपनगरांत राहतात, आणि आईवडिलांनी जुने घर सोडून कोणाजवळ जावे, हे ठरवण्याची वेळ येते. हा निर्णय नात्यांचा आहे, तसाच तो स्थानिक शासनाचाही आहे. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार सगळीकडे मोफत असले, तरी आंघोळ घालणे, कपडे बदलणे, जेवू घालणे ही देखभाल सोशल केअरमध्ये मोडते. उत्तर आयर्लंड वगळता ती जबाबदारी कौन्सिलची असते, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी उत्पन्न व बचत तपासली जाते. पाणी, रस्ते आणि कचरा एवढ्यापुरतीच महानगरपालिका ओळखणाऱ्या आपल्याला, आईला सकाळी उठवायला कोण आणि किती वेळ येणार हे कौन्सिल ठरवते, याची सवय व्हायला वेळ लागतो.

तुलनेसाठी एकच उदाहरण घेऊ. आई ७८ वर्षांची आहे, एकटी राहते, घर तिच्या मालकीचे आहे, बँकेत ३०,००० पौंड आहेत आणि तिला रोज सकाळ-संध्याकाळ मदत लागते. ती येथे पूर्वीपासून स्थायिक आहे असे मी गृहीत धरतो. भारतातून आईवडिलांना नव्याने आणण्याचा मार्ग जुलै २०१२ पासून इतका अरुंद झाला आहे की तो स्वतंत्र विषय ठरतो.

इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे गरजेचे मूल्यमापन, म्हणजे असेसमेंट, करून देणे कौन्सिलला बंधनकारक आहे, मग तुमच्याकडे पैसा असो वा नसो. खर्चाचा प्रश्न त्यानंतर येतो. बचत २३,२५० पौंडांपेक्षा अधिक असेल तर संपूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. १४,२५० ते २३,२५० या टप्प्यात दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरले जाते. या मर्यादा २०१० पासून बदललेल्या नाहीत, आणि एवढ्या वर्षांच्या महागाईनंतरही त्या तशाच ठेवणे मला अन्यायाचे वाटते. आयुष्यभराच्या खर्चावर ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा आणण्याची योजना आधी ऑक्टोबर २०२३ वरून ऑक्टोबर २०२५ वर ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच झाली. आपल्या उदाहरणातील आई इंग्लंडमध्ये घरच्या मदतीचा सगळा खर्च स्वतः करील.

वेल्समध्ये घरी मिळणाऱ्या देखभालीसाठी कौन्सिल आठवड्याला १०० पौंडांपेक्षा अधिक आकारू शकत नाही. एप्रिल २०२० पासून ही मर्यादा आहे आणि बचत कितीही असली तरी ती लागू होते. स्कॉटलंडमध्ये १ जुलै २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींची वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे आणि एप्रिल २०१९ पासून ती त्याहून कमी वयाच्या प्रौढांनाही मिळते. तेथे आईला आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी काही द्यावे लागणार नाही. मात्र घरकाम, बाजारहाट, डे सेंटर यांचे शुल्क प्रत्येक कौन्सिल आपापल्या धोरणानुसार लावते आणि ३२ कौन्सिलांत ते सारखे नाही. शिवाय मोफत म्हणजे तत्काळ नव्हे. गरज ‘गंभीर’ किंवा ‘मोठी’ या श्रेणीत बसल्याशिवाय अनेक कौन्सिले मदत सुरू करत नाहीत, आणि मनुष्यबळ अपुरे असेल तेथे मंजुरीनंतरही थांबावे लागते.

केअर होमची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे राहते घर हिशेबात येते. इंग्लंडमध्ये संपत्ती २३,२५० पौंडांपर्यंत खाली येईपर्यंत खर्च आपला; वेल्समध्ये एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा ५०,००० पौंड आहे, म्हणजे मुलांसाठी थोडे अधिक उरते. स्कॉटलंडमधील मर्यादा या दोहोंच्या मध्ये आहे, परंतु स्वखर्चाने राहणाऱ्यांच्याही वैयक्तिक शुश्रूषेपोटी कौन्सिल ठरावीक रक्कम देते. २०२४-२५ मध्ये ती आठवड्याला २४८.७० पौंड होती. राहण्या-जेवणाचा खर्च तेथेही आपलाच असतो.

येथे मराठी कुटुंबांनी विशेष सावध राहावे. घरात जोडीदार किंवा ६० वर्षांवरील नातलग राहत असेल तर ते घर हिशेबात धरले जात नाही; परंतु आईबरोबर राहणारा ४५ वर्षांचा मुलगा आणि सून असतील तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही, ते कौन्सिलच्या विवेकावर सोडलेले आहे. एकत्र राहणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की ही अट अनेकांच्या ध्यानीही येत नाही. ‘घर मुलाच्या नावावर करून टाका’ हा सल्लाही आपल्या मंडळींत सर्रास दिला जातो. देखभालीचा खर्च टाळण्यासाठी हस्तांतरण केले असे कौन्सिलला वाटले, तर ते घर अजून आईचेच आहे असे धरून ती शुल्क आकारू शकते. त्यापेक्षा मृत्यूनंतर घराच्या किमतीतून वसुली होईल असा डिफर्ड पेमेंटचा करार करणे अधिक सुरक्षित आहे.

आता हे फरक आले कोठून, ते पाहू, कारण पुढे काय बदलू शकेल याचा अंदाज त्यातूनच येतो. स्टुअर्ट सदरलँड यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९९९ मध्ये वैयक्तिक शुश्रूषा मोफत करावी अशी शिफारस केली. वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधील केंद्र सरकारने, ती नाकारली. नव्याने स्थापन झालेल्या स्कॉटिश पार्लमेंटने ती स्वीकारली. हा फरक मतदारांनी निवडलेल्या सभागृहाने घडवलेला आहे. इंग्लंडमध्येही असे उदाहरण आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम कौन्सिलमध्ये २०१४ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि २०१५ मध्ये तेथील होम केअरचे शुल्क रद्द झाले. त्यामुळे इंग्लंडमध्येच राहायचे असेल, तर शाळा पाहून घर घेतो तसे कौन्सिलचे शुल्क-धोरण वाचून घर घ्यावे असे मी सांगेन.

तथापि प्रत्येक फरकाला लोकशाहीची निवड म्हणणे मला पटत नाही. २०१६ पासून इंग्लंडमधील कौन्सिलांना सोशल केअरसाठी कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरावरच्या स्थानिक करात, जादा वाढ करता येते. महागड्या घरांच्या भागात एक टक्का वाढीतून जेवढा पैसा उभा राहतो, तेवढा स्वस्त घरांच्या भागात राहत नाही, आणि गरज तर तेथेच अधिक असते. दोन्हीकडचे नगरसेवक सारखेच तळमळीचे असले तरी गरीब भागातील वृद्धांच्या वाट्याला कमी येते. पुढे कौन्सिलच आर्थिक संकटात सापडली तर मताचे वजनही घटते. स्लाऊने २०२१ मध्ये आणि बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची, म्हणजे खर्चाचा मेळ बसत नसल्याची, नोटीस काढली. ही दोन्ही भारतीय वस्तीची ठिकाणे आहेत. तेथे केंद्र सरकारने आयुक्त नेमले, आणि बर्मिंगहॅमचा कौन्सिल टॅक्स एप्रिल २०२४ मध्ये सुमारे १० टक्क्यांनी वाढला.

उत्तर आयर्लंडमध्ये उलट स्थिती आहे. १९७३ पासून तेथे आरोग्य आणि देखभाल एकत्र आहेत. काम पाच ट्रस्ट, म्हणजे प्रादेशिक आरोग्य व देखभाल संस्था, पाहतात आणि ११ कौन्सिलांचा त्याच्याशी संबंध नाही. घरी मिळणाऱ्या देखभालीचे शुल्क सामान्यतः घेतले जात नाही, केअर होमची मर्यादा मात्र इंग्लंडइतकीच आहे. तेथे तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जाता येते, पण निर्णय त्याच्या हातात नसतो.

माझे मत असे : घरीच राहून मदत हवी असेल आणि बचत मध्यम असेल, तर मुलगा किंवा मुलगी स्कॉटलंडमध्ये असल्यास तेथे जावे, स्मृतिभ्रंशासारख्या दीर्घ आजारात हा फायदा वर्षानुवर्षे मिळतो. केअर होम अटळ दिसत असेल आणि एकूण संपत्ती ५०,००० पौंडांच्या आसपास असेल, तर वेल्स हिताचे. जवळ माणूसच नसेल, तर मात्र केवळ सवलतीसाठी परक्या गावी जाऊ नये. सकाळी अर्धा तास येणारी मदतनीस दिवसाचा एकटेपणा भरून काढत नाही.

स्थलांतर करताना एक भेद ध्यानात ठेवावा. स्वतःहून स्कॉटलंडमध्ये राहायला गेल्यास जबाबदारी तेथील कौन्सिलकडे जाते. इंग्लंडच्या कौन्सिलने आपल्या खर्चाने स्कॉटलंडच्या केअर होममध्ये ठेवले, तर जबाबदारी साधारणतः इंग्लंडच्याच कौन्सिलकडे राहते. इंग्लंडमध्येच एका कौन्सिलच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जायचे असेल, तर आधी कळवावे. नवीन असेसमेंट होईपर्यंत पूर्वीच्या गरजा भागवत राहणे नव्या कौन्सिलला बंधनकारक आहे. आणि नवीन पत्त्यावर मतदार नोंदणीही करावी : भारत राष्ट्रकुलात असल्याने, ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे.