पाठीवरच्या व्रणासाठी सिलिकॉन पट्टी: पावसाळ्यापासून वापरतेय

टीबीमुळे फुप्फुसाभोवती पू झाला होता, तो काढायला छाती उघडून ऑपरेशन झालं. टाके खवाट्याखालून वळसा घेत थेट काखेखाली. जखम पूर्ण भरली, खपली गेली, मग सर्जननी सिलिकॉन जेलची पट्टी लावायला सांगितली.

व्रणावर काम चोख. लालभडक, सुतळीसारखा उठलेला होता. आता बराचसा सपाट आणि फिकट. खाज तर सगळ्यात आधी थांबली. पण दिवसातून किमान 12 तास आणि निदान 2-3 महिने चिकटवायची तयारी हवी.

कटकट आहेच. पाठीवर आपलं आपल्याला लावता येत नाही, नवऱ्याला रोज उठवावं लागतं. ब्राचा पट्टा नेमका तिथेच येतो, कडा गुंडाळतात, त्यात केस आणि कपड्याचे तंतू अडकतात. मी सौम्य साबणाने बोटांनी धुते आणि स्टीलच्या ताटलीत चिकट बाजू वर करून वाळवते; टॉवेल लावला की संपलंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात खाली पुरळ आलं, तेव्हा बरं होईपर्यंत बंद ठेवली. शिवाय महाग.

आता बरगड्यांचं. दुकानदार म्हणाला, "ताई, दुखणंही जाईल." नाही जात! पट्टी कातडीपुरती. ऑपरेशनमध्ये बरगड्या फाकवतात आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने नस जाते, ती दुखावते. म्हणून शिंक आली की पाठीतून स्तनाखालपर्यंत करंट, आणि तिथलीच कातडी बधिर. कुर्त्याचा स्पर्शही झोंबायचा. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या प्रीगाबालिनने फरक पडला, झोप मात्र फार येते.

खवाट्याखाली ओढ बसते ती वेगळी. कापून शिवलेले स्नायू आणि वरची कातडी एकमेकांना चिकटतात. फिजिओने व्रण बोटांनी आडवा-उभा सरकवायला शिकवलं (खोबरेल लावलंत तर नंतर नीट धुवा, नाहीतर पट्टी धरत नाही) आणि भिंतीवर बोटांनी वर चढायला लावलं. कंटाळवाणं आहे, पण लोकलमधली वरची कडी धरता येतेय ती त्यानेच.

व्रणासाठी पाचपैकी चार, दुखण्यासाठी शून्य. नवीन पट्टी मागवलीय, काखेकडचा तुकडा अजून उठलेला आहे. यावेळी लांब घेतली, कापून दोन होतील.